जुनी समिट ८०० ई-टेक: रेव्हलस्टोकच्या डोंगरात एक हिवाळा वापरल्यावर

मॉडेल २०१४चं, स्की-डू कंपनीची समिट एक्सएम ही बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, ८००आर ई-टेक (थेट इंधन इंजेक्शनचं टू-स्ट्रोक) इंजिन, १५४ इंची ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरणारा दातेरी पट्टा. वापर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिजवर. वर भुसभुशीत खोल बर्फ आणि खाली येताना दाबून टणक झालेली वाट, दोन्ही मिळतं.

जुनी स्नोमोबाइल बघायला गेल्यावर बहुतेक जण किलोमीटर विचारतात. त्याच मीटरवर इंजिनचे तासही दिसतात, ते बघा आणि भागाकार करा. ३,००० किमी आणि १५० तास म्हणजे सरासरी ताशी २० किमी. गाडी खोल बर्फात जोर लावत फिरली आहे, किंवा नुसती चालू ठेवली गेली आहे. तेवढेच किलोमीटर ८० तासांत झाले असतील तर बहुतेक सपाट वाटेवरचे. डोंगरातल्या गाडीचं वय तासांवरूनच धरावं.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंडीत कितव्या ओढीला सुरू होतं ते कळत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघताना दोन्ही स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण दाबून धरून, गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. उंचावर आकडा कमीच येणार, म्हणून दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या वर गेला तर पिस्टन-रिंगचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर उठा. ई-टेकचे प्लग परत बसवताना इलेक्ट्रोडचं तोंड ठरलेल्या दिशेलाच यावं लागतं. घाईत कसाही आवळला की ज्वलन बिघडतं आणि दोष बिचाऱ्या इंजेक्टरला लागतो.

इंजिनापेक्षा जास्त वेळ टनेलखाली, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या छपराखाली घालवा. मागून एक डोळा मिटून बघितलं की वाकलेला टनेल लगेच दिसतो. आतल्या कूलरवर ट्रॅकच्या दातांचे ओरखडे, शीतक द्रव्याचे डाग, ट्रॅकचे फाटलेले दात, स्कीजवळचे वाकलेले ए-आर्म (स्कीला गाडीशी जोडणारे दांडे), सगळं बोट फिरवून तपासा. ट्रॅक जमिनीवरून उचलून हाताने फिरवा. ड्राइव्ह शाफ्टचं बेअरिंग गेलं असेल तर खरखर ऐकू येते. चेनकेसच्या (ट्रॅक फिरवणारी साखळी ज्या पेटीत असते तिच्या) तेलात बारीक राखाडी पूड चालते, धातूचे तुकडे दिसले तर चालत नाही.

वापरात सर्वांत जास्त लक्ष मागते ती उष्णता. या गाडीला रेडिएटरमधून वारा मिळत नाही. ट्रॅकने उडवलेला बर्फ कूलरवर बसतो, त्यावर सगळं थंड राहतं. टणक वाटेवर बर्फ उडतच नाही. तापमान चढतं आणि घसरपट्ट्या (ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) कोरड्या घासून झिजतात. त्यामुळे आइस स्क्रॅचर, म्हणजे टणक बर्फ खरवडून ट्रॅककडे उडवणारे दांडे, हवेतच. रिव्हर्स घेण्याआधी ते वर अडकवा, साध्या प्रकारचे मागे जाताना मोडतात.

दुसरी गोष्ट क्लचची. दर ३०० मीटर उंचीला ताकद सुमारे ३ टक्के घटते. इंधनाचं प्रमाण संगणक सांभाळतो, क्लच सांभाळत नाही. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ७,९००च्या आसपास हवेत. कमी पडत असतील तर आधी क्लचमधल्या ड्राइव्ह बेल्टची रुंदी आणि क्लचचे रोलर-बुशिंग बघा, मग प्रायमरीवरचा (इंजिनाकडच्या क्लचवरचा) क्लिकर, म्हणजे आरपीएम जुळवायचा आकड्यांचा स्क्रू, वरच्या आकड्याकडे फिरवा. एका क्लिकला साधारण २०० आरपीएमचा फरक पडतो. उलट क्रमाने केलं तर झिजलेला क्लच क्लिकरमागे लपून राहतो. एक बेल्ट आणि प्लगची जोडी कायम सोबत असू द्या.

इंजिनाची तक्रार नाही. तेलाची टाकी वेगळी असल्याने पेट्रोलमध्ये मिसळत बसावं लागत नाही आणि हंगाम संपताना स्टोरेज मोड इंजिन आतून तेलाने माखून ठेवतो.

लांबीचं म्हणाल तर झाडांमधून वळायला १५४ इंची सोपी. अंगकाठी भरभक्कम असेल, किंवा पाठीवर हिमस्खलनासाठीचं फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), हवेची पिशवी असं ओझं रोजचं असेल, तर १६३ इंचीच शोधा. चढावर छोटी लवकर रुतते.