आधी लहान कर्ज की आधी महाग कर्ज? एका पगारदार घराचा हिशेब

कर्जं फेडायला बसलं की सल्ले दोनच मिळतात. पहिला म्हणजे सगळ्यात लहान कर्ज आधी उडवा, एक तरी संपल्याचं समाधान मिळतं. दुसरा म्हणजे सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडा, गणित तेच सांगतं. दोन्ही सल्ले देणारे तावातावाने भांडतात, पण आकडे मांडायला फारसं कोणी तयार नसतं. म्हणून एक नमुन्याचं घर घेऊ आणि दोन्ही मार्ग शेवटपर्यंत चालून बघू. तिसराही एक मार्ग आहे. माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो, आणि खरा धोकाही तिथेच आहे.

घर असं: नवरा-बायकोची मिळून आवक ६२,००० रुपये. क्रेडिट कार्डावर ७०,००० थकलेले, व्याज महिना ३.५ टक्के. बाईकच्या कर्जाचे २४,००० बाकी, १२ टक्के, हप्ता २,६००. पर्सनल लोन १,५०,०००, १५ टक्के, हप्ता ५,२००, अजून तीन वर्षं. ऑफिसच्या पतसंस्थेचं ९०,०००, १३ टक्के, पगारातून कपात ४,२८०. आणि गृहकर्ज १६ लाख, ८ टक्के, १५ वर्षं बाकी, हप्ता १५,२९०. कार्डाचे किमान ३,५०० धरले तर महिन्याला ३०,८७० रुपये हप्त्यांतच जातात. घरखर्च २४,०००. हाती उरतात साधारण ७,०००.

या ७,००० बद्दल आधी बोलू, कारण बहुतेक घरांत हा आकडा कागदावरच असतो. जूनमध्ये शाळेची फी नि वह्या-पुस्तकं, मग गणपती, मग दिवाळी, मध्येच गाडीच्या विम्याचा नि आयुर्विम्याचा हप्ता. हे खर्च 'अचानक' येत नाहीत, दरवर्षी त्याच महिन्यात येतात. वर्षाचे ६०,००० होत असतील तर महिन्याला ५,००० वेगळ्या खात्यात टाकायला हवेत. आपल्या घराच्या २४,००० मध्ये हे ५,००० धरलेले आहेत. तुमच्याकडे धरलेले नसतील तर तुमचे ७,००० खरे २,००० आहेत, आणि उरलेले जूनमध्ये पुन्हा कार्डावरच चढणार. मग लहान आधी की महाग आधी, याला काही अर्थ उरत नाही.

आता कार्ड. महिना साडेतीन टक्के म्हणजे गावाकडच्या भाषेत शेकडा साडेतीन, वर्षाचे ४२. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो बाईकच्या, घराच्या किंवा सोन्यावरच्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. ७०,००० वर महिन्याचं व्याज २,४५० आणि त्यावर जीएसटी ४४१. तुम्ही किमान रक्कम म्हणून ३,५०० भरता तेव्हा मुद्दल जेमतेम ६०० रुपयांनी उतरतं. वर, मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज भरलेल्या पेट्रोलवर आजपासूनच व्याज. जरा तुलना करा: महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर १५ आणि नसेल तर १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. कार्डांच्या व्याजावर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. चकचकीत कार्डापुढे परवानाधारक सावकार बापुडा वाटावा, अशी परिस्थिती आहे.

दोन्ही मार्ग आता चालून बघू. कार्डाचे किमान ३,५०० कायम भरायचे, कार्डावर नवी खरेदी बंद, आणि एक कर्ज संपलं की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाकडे वळवायचा, असं धरलंय. पर्सनल लोन, पतसंस्था आणि घर यांचे हप्ते नेहमीसारखे चालू. तिसऱ्या मार्गात घरातलं सोनं १० टक्क्यांनी तारण ठेवून कार्ड एकरकमी मिटवायचं आणि मग तेच १०,५०० रुपये महिन्याला सोन्याच्या कर्जात भरायचे.

| मार्ग | पहिलं काय संपतं | कार्ड नि बाईक दोन्ही मोकळी | एकूण व्याज (जीएसटी धरून) |
|---|---|---|---|
| लहान आधी | बाईक, ३ऱ्या महिन्यात | ९व्या महिन्यात | सुमारे १८,००० |
| महाग आधी | कार्ड, ८व्या महिन्यात | ९व्या महिन्यात | सुमारे १४,८५० |
| सोनं ठेवून कार्ड मिटवणं | सोनं सुटतं ७व्या महिन्यात | ८व्या महिन्यात | सुमारे ३,५५० आणि बँकेचं शुल्क |

पहिल्या दोन ओळी पुन्हा बघा. ज्यावरून एवढे वाद, त्यात फरक तीन हजारांच्या आसपास, आणि सुटका दोन्हीकडे नवव्याच महिन्यात. कर्जं मोठी आणि व्याजदरातली तफावत जास्त असेल तर हा फरक वाढतो, हे खरं. पण आपल्यासारख्या घरात कोणत्या क्रमाने फेडायचं यापेक्षा कोणत्या दराने फेडायचं, हे कितीतरी मोठं.

मग 'लहान आधी' निकालात काढायचं का? नाही. बाईक तिसऱ्या महिन्यात संपली की महिन्याचं बांधील देणं ३०,८७० वरून २८,२७० वर येतं. नोकरी कंत्राटी असेल, दुकान सीझनवर चालत असेल, कमिशनवर घर असेल, तर हे २,६०० महत्त्वाचे. वाईट महिन्यात तुम्ही जादा भरणं थांबवू शकता, हप्ता थांबवू शकत नाही. हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक आणि कर्ज देणारा, दोघांचाही दंड पडतो आणि सिबिल स्कोअरवर डाग राहतो. पगार पक्का असेल तर मात्र महाग आधी. तिथे समाधानासाठी तीन हजार मोजायचं कारण मला दिसत नाही.

आता सोनं. आपल्याकडे हा विषय पैशांपुरता राहत नाही. 'सोनं गहाण ठेवायची वेळ आली' हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तरी सासू-सासऱ्यांचे चेहरे उतरतात. ते मी समजू शकतो. पण कपाटातल्या पाटल्या शून्य टक्के कमावतात आणि त्याच घरातलं कार्ड ४२ टक्के खातं, हे दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणं मला पटत नाही.

बँकेत गेल्यावर काय होतं ते माहीत असू द्या. मूल्यांकन करणारा सराफ दागिना कसावर घासून बघतो, मग वजन करतो आणि त्यातून वजाबाकी सुरू होते. खडे गेले. ठुशी, वज्रटीक यांतली लाख नि दोरा गेला. घडणावळीचे पैसे तर धरतच नाहीत. म्हणून कर्जासाठी पाटल्या, बांगड्या, तोडे असे भरीव दागिने न्यावेत. लाखेच्या दागिन्यांवर हाती फार येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. आधी मर्यादा ७५ टक्के होती. पूर्ण फेड केल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे आणि कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असंही त्यात आहे.

काउंटरवर दोन गोष्टी विचारा. पहिली, व्याजाचा दर. बँकांचा आणि जाहिराती करणाऱ्या वित्त कंपन्यांचा दर सारखा नसतो. 'मिनिटांत कर्ज' देणाऱ्या योजनेत दर दुप्पटही असू शकतो. दुसरी, मध्ये-मध्ये पैसे भरता येतात का. अनेक योजनांत मुद्दल नि व्याज वर्षाच्या शेवटी एकदम भरायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण शिस्त नसलेल्या घरात वर्षअखेरीला पैसे नसतात, मग कर्ज 'रिन्यू' होतं आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. हप्त्याची किंवा ओव्हरड्राफ्टची, म्हणजे जमेल तसे पैसे भरता येतील अशी, योजना घ्या.

आणि आता धोका. सोनं ठेवून कार्ड शून्य केलं की कार्डाची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी होते. दिवाळीत टीव्हीवर सूट दिसते. सहा महिन्यांनी सोनंही बँकेत आणि कार्डही भरलेलं! हे होणार असेल तर तिसरा मार्ग पहिल्या दोघांपेक्षा वाईट. म्हणून कार्ड मिटवलं त्याच आठवड्यात मर्यादा कमी करून घ्या किंवा कार्डच बंद करा. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नंतर दिवसाला ५०० रुपये दंड तिला. नवरा-बायकोपैकी ज्याच्या हातून कार्ड जास्त चालतं त्याने हा अर्ज स्वतः करावा. दुसऱ्याने केला की भांडण ठरलेलं.

सोनं नको असेल तर मुदत ठेव बघा. ठेवीवर सहा-सात टक्के मिळत असताना कार्डाला ४२ भरणं म्हणजे उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकताना निम्मे रस्त्यात सांडणं. ठेव मोडल्यास व्याज थोडं कमी मिळतं, तेवढं सोसा. मोडवत नसेल तर ठेवीवर कर्ज घ्या; ते ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के महाग पडतं. यातलं काहीच नसेल तर कार्डाच्या बँकेलाच फोन करून बाकी हप्त्यांत बदलून मागा. दर सोन्याइतका खाली येत नाही, त्याच्या व्याजावरही जीएसटी लागतो, पण ४२ च्या खाली येतो. भिशी लवकर उचलून कार्ड फेडायचं असेल तर आधी बोलीत किती सोडावे लागतात ते मोजा. तिथेही ते व्याजच आहे.

पतसंस्थेचं कर्ज मी या शर्यतीत मुद्दाम आणलं नाही. १३ टक्के आहे, पगारातून आपोआप कापलं जातं, त्यामुळे चुकतही नाही. पण त्यामागे तुमच्या शेजारच्या टेबलावरचा जामीनदार आहे. तुम्ही थकलात तर वसुली दाखला निघून त्याच्याही पगाराला हात लागू शकतो. नोकरी सोडायचा विचार असेल तर हे कर्ज कार्डाच्याही आधी. तसंच मेव्हण्याकडून उसने घेतलेले ४०,०००. गणितात त्यांचं व्याज शून्य, म्हणजे नंबर सगळ्यात शेवटी. पण त्याच्याही मुलीची ॲडमिशन जूनमध्ये असते. अशा देण्याला दर नाही, तारीख असते. ती आधी विचारून घ्या आणि ती पाळा. बायकोच्या बचत गटाचं कर्ज असेल तर शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के ऐकून घाबरू नका. अंतर्गत कर्जाचं व्याज गटाच्याच पेटीत जातं आणि त्यात तिचाही वाटा असतो.

म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी एसआयपी थांबवायची का? कार्ड उभं असेपर्यंत, हो. ४२ टक्के कुठल्याही फंडाने नियमित दिलेले नाहीत. टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेम मात्र कर्ज असताना तर मुळीच थांबवू नका. आणि ७,००० मधले हजार-दीड हजार बाजूला पडत राहू द्यात, सुटका महिनाभर लांबली तरी चालेल. फ्रिज बिघडला तर तो कार्डावर जाता कामा नये.

नवव्या महिन्यानंतर हातात १३,१०० रुपये मोकळे होतात. आता पर्सनल लोन की गृहकर्ज? दर बघितला तर १५ विरुद्ध ८, उत्तर उघड आहे. पण पर्सनल लोन बहुधा ठरीव दराचं असतं आणि मुदतीआधी फेडल्यास दोन ते पाच टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी लागू शकतो. मंजुरीपत्र काढा, शुल्क आणि वाचणारं व्याज समोरासमोर मांडा. मुदतीचं शेवटचं वर्ष राहिलं असेल तर बऱ्याचदा फेडण्यात राम नसतो, कारण व्याजाचा मोठा भाग आधीच जाऊन बसलेला असतो. आपल्या घराला अजून दोन वर्षांहून जास्त बाकी असतील, तेव्हा शुल्क वजा जाऊनही फायदा निघावा.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर मात्र वैयक्तिक कर्जदाराकडून असं शुल्क घेता येत नाही. १६ लाखांच्या या कर्जात महिन्याला नुसते २,००० जादा भरले तरी १५ वर्षांचं कर्ज १२ वर्षांच्या आसपास संपतं. करसवलत मिळते म्हणून गृहकर्ज ओढत राहणारे अनेक आहेत. त्यांनी आपण कोणत्या करप्रणालीत आहोत ते बघावं. नव्या करप्रणालीत स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही.

जादा रक्कम भरायला शाखेत जाल तेव्हा 'हप्ता कमी करायचा की मुदत?' असं विचारतात, किंवा न विचारताच हप्ता कमी करून टाकतात. मुदत कमी करा, असं अर्जात लिहून द्या, पोच घ्या आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक ईमेलवर मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख तपासा.