अणूचं किट: हाफ लाइफसाठी नक्की घ्या, पण बीटाचं कार्ड तपासून वापरा

मुलीला रसायनशास्त्रात अणू आणि किरणोत्सर्ग हा भाग सुरू झाला आणि नुसतं पाठ करून तिला काही कळत नव्हतं, म्हणून हे किट मागवलं. आत चुंबकाचे मणी (लाल प्रोटॉन, करडे न्यूट्रॉन, बारीक निळे इलेक्ट्रॉन), सूचनांची कार्डं, शिवाय 100 लाकडी ठोकळे, ज्यांची एक बाजू रंगवलेली आहे.

ठोकळे खरंच कमाल आहेत. प्रत्येक ठोकळा म्हणजे एक केंद्रक, अणूचा मधला गाभा. सगळे एकदम टाकायचे, रंगीत बाजू वर आली त्यांचा क्षय झाला, म्हणजे केंद्रक बदललं, म्हणून बाजूला, उरलेले परत टाकायचे. आमचे 4 फेऱ्यांनंतर 47 उरले, 8 नंतर 25, 12 नंतर 11, म्हणजे साधारण दर 4 फेऱ्यांना निम्मे, आणि हेच अर्धायुष्य, म्हणजे हाफ लाइफ! मुलगी म्हणाली, जे इतका वेळ टिकलेत त्यांचा नंबर आता लागणारच ना? तर नाही, ठोकळ्याला आधीचं काही आठवत नसतं आणि केंद्रकालाही नसतं. कार्बन-14 चं अर्धायुष्य 5730 वर्षं, आयोडीन-131 चं जेमतेम 8 दिवस, पण नियम तोच. हे तिला वाचून कधीच पटलं नसतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. बीटा क्षयाच्या कार्डावर चक्क बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन काढून टाका असं छापलंय!! असं केलं तर नुसता आयन (विद्युतभार असलेला अणू) बनतो, मूलद्रव्य तेच राहतं. बीटा कण हा इलेक्ट्रॉनच, पण तो केंद्रकातून येतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना. कार्बन-14 मधे 6 लाल 8 करडे मणी असतात, त्यातला एक करडा काढून लाल लावला की 7 आणि 7, झाला नायट्रोजन-14. मुलं नेमकी इथेच अडखळतात आणि कार्ड तीच चूक पक्की करतं, याचं मला फार वाईट वाटलं. कंपनीला कळवलंय, अजून उत्तर नाही. आम्ही कार्डावर पेनने दुरुस्ती केली.

अल्फाचं कार्ड मात्र बरोबर आहे, 2 लाल 2 करडे एकत्र बाहेर. मण्यांचं चुंबक जरा कमजोर आहे, मोठं केंद्रक हातात धरलं की सुटतं.

अजून एक, केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या साधारण एक लाखांश असतो हे कुठेच लिहिलेलं नाही, मुलांना मॉडेलमधलंच माप खरं वाटतं, तेवढं तुम्ही तोंडी सांगा.