गडद निळा की ऑफ-व्हाइट: काही महिने वापरल्यावर

खोली एकच. पलंगामागची भिंत गडद निळी, बाकीच्या तीन ऑफ-व्हाइट, सगळीकडे मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग. परवा निळ्या भिंतीवर टचअप करून घेतलं आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय.

रंग उरलेल्या डब्यातलाच होता. "वाळला की मिसळेल," रंगारी म्हणाला. नाही मिसळला. तळहाताएवढा चट्टा दारातूनही दिसतो. आधीचे हात रोलरचे, हा ब्रशचा. पोत बदलला की उजेड वेगळा परततो, आणि गडद रंग तेवढाही फरक झाकत नाही. ऑफ-व्हाइटवर अशीच डागडुजी झाली होती. ती नेमकी कुठे, ते आता मलाही सापडत नाही.

टचअपची वेळ आली ती घासून आलेल्या चकाकीमुळे. उशाशी पाठ टेकते, उशी घासते, तिथला मॅट गुळगुळीत होऊन चमकायला लागतो. हा डाग नव्हे, त्यामुळे पुसून जात नाही. ओल्या फडक्याने घासाल तितकी चकाकी वाढतेच. दिवसा समोरून काही कळत नाही. संध्याकाळी बाजूचा दिवा लावला, की खांद्याच्या उंचीवर लांबट, तेलकट दिसणारा पट्टा उठून येतो. मला तर आता खोलीत तेवढंच दिसतं. रंग निवडताना हे कुणीतरी सांगायला हवं होतं!

अंधाराबद्दलचं मत मात्र बदललं. भिंत किती उजेड परतवते त्याचा आकडा म्हणजे एलआरव्ही, 0 ते 100. ऑफ-व्हाइट साधारण 80च्या पुढेमागे, असा निळा 10च्या आत. त्यामुळे सुरुवातीला धास्ती होती. पण तीन भिंती फिक्या असल्याने दिवसा उजेड पुरतो. रात्रीचा दोष दिव्याचा निघाला: 2700 केल्विनच्या पिवळसर उजेडाखाली निळा काळपट आणि ऑफ-व्हाइट लोण्यासारखा पिवळा दिसायचा. 4000 केल्विनचा, जास्त पांढऱ्या उजेडाचा दिवा लावला आणि दोन्ही रंग जागेवर आले.

ऑफ-व्हाइटची तक्रार एवढीच, की स्विचबोर्डभोवती बोटं उमटतात. ओल्या फडक्याने निघतात.

तरी निळा काढणार नाही. दुपारी त्या भिंतीपुढे पांढरी चादर अंथरलेली असली, की खोली बघत बसावी अशी दिसते. पण आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत सॅटिनमध्ये, म्हणजे हलकी, सगळीकडे सारखी चमक असलेल्या रंगात करायची आहे. सॅटिनवर खालच्या लांबीचे (पुट्टीचे) उंचवटे दिसतात, म्हणून आधी नीट पॉलिश पेपर मारून घेणार. रंगारी पुन्हा मॅटच मारू म्हणतोय. त्याला सरळ नाही म्हटलंय.