लैंगिक अत्याचारग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण, विश्रामबाग सांगली – जमेल तिने जाऊन याच

शनिवार-रविवार होतं, फी नाही, जेवण साधं पण गरम. आशाताई, अंगणवाडी सेविका, मिरजेकडच्या नर्स, कॉलेजच्या मुली असा सगळा ग्रुप.

पहिलं सेशन एक नंबर. शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं की अत्याचार कुणावर झाला असेल म्हटल्यावर डोळ्यासमोर कोण येतं, तर जवळजवळ सगळ्याजणी तेच बोलल्या, तरुण पोरगी, रात्रीची वेळ, अनोळखी माणूस. मग आकडे दाखवले. एनसीआरबीकडे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंद झाले आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त केसमध्ये आरोपी ओळखीचा होता, म्हणजे शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये लैंगिक हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या लग्न झालेल्या बायकांपैकी ८२ टक्के बायकांनी आत्ताच्या नवऱ्याचंच नाव घेतलं, आणि बायको सज्ञान असेल तर कायदा त्याला बलात्कार धरतच नाही! हॉलमध्ये कुणी काही बोलेना. त्याच सर्वेक्षणात मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी ना कुणाला सांगितलं ना मदत मागितली, त्यामुळे पोलिसांच्या आकड्यावरून कुठल्या घरात होतं नि कुठल्या नाही हे ठरवताच येत नाही, शिकलेली, पैसेवाली, सासरी नांदणारी सगळ्याच आल्या त्यात.

मथुरा नावाच्या मुलीची केसपण नीट सांगितली. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, आदिवासी गरीब मुलगी, ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार, अंगावर जखमा नाहीत म्हणून १९७८ ला सुप्रीम कोर्टात पोलीस सुटले, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ ला कायदा बदलला. गरिबी, जात यामुळे कुणाचा शब्द खरा धरतात ते यात लख्ख दिसतं.

मुलग्यांवर फार कमी बोलले, हे खटकलं. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते आणि पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) त्यांनाही लागू आहे, मग यावर वेगळं सेशन पाहिजेच होतं. दिव्यांग बायकांचं तर नावच नाही. आणि आपल्याकडे सिझनला फडावर ऊसतोडीच्या बायका-पोरी उघड्यावर पालात राहतात, अंघोळीला आडोसा नाही, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल डोक्यावर, ती तक्रार कुठे करणार यावर काहीच नाही. जतकडच्या कित्येक बायकांना कन्नडच जवळची, तरी पत्रकं फक्त मराठीत.

बायकांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे मदतीचे नंबर, झिरो एफआयआर (कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते ती), दवाखान्यात मोफत उपचार, पीडितांना पैशाची मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना हे सगळं मात्र प्रॅक्टिकल करून घेतलं, फोनवर काय बोलायचं तेसुद्धा. पुढची बॅच असली तर गावातल्या पोलीस पाटलांनाही घेऊन जा.