आजारी कासवाच्या नावाखाली 20,500 रुपयांना फसवलं. पुण्यात कासव पाळणाऱ्यांनी वाचाच

एकूण 20,500 रुपये गेले आणि कासवही गेलं. आकडा आधीच सांगते, कारण "असे कितीसे गेले असतील" म्हणणारे चौकीपासून नात्यागोत्यापर्यंत सगळीकडे भेटले.

आमची ठमी रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव, पाण्यातली. थंडीत तिनं खाणं सोडलं, डोळे सुजून मिटले, नाकातून बुडबुडे यायला लागले आणि पोहताना ती एका अंगावर कलायला लागली. असं कलणं म्हणजे बहुतेकदा फुफ्फुसाचा संसर्ग. कोथरूडमध्ये घराजवळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो." त्यात रविवार. ऑनलाइन शोधलं तर सगळ्यात वर "एक्झॉटिक पेट डॉक्टर, पुणे, 24 तास" आणि खाली नंबर. माझ्या जागी कोणीही तो फिरवला असता.

तपासणीचे 800 यूपीआयवर आधी. मग व्हिडिओ कॉलवर बघून, "न्यूमोनिया आहे ताई, इंजेक्शनचा कोर्स लागेल, औषध बाहेरून मागवावं लागतं." त्याचे 6,500.

इथे, अगदी इथेच मला कळायला हवं होतं. त्यानं ठमीचं वजन विचारलंच नाही! कासवाच्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो. मी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून 640 ग्रॅम असं कागदावर लिहून फोनसमोर बसले होते, आणि हा थेट पैशांवर आला. पाणी किती गरम ठेवता, यूव्हीबी दिवा (उन्हासारखे अतिनील किरण देणारा) आहे का, खायला काय देता, काही नाही. जो हे विचारत नाही त्याला कासवातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगते. पण समोर जीव तोंड उघडून श्वास घेत असताना माणूस डॉक्टरची परीक्षा घेत बसत नाही. मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी ती रात्र काढून बघावी.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा स्कूटरवर आला आणि ठमीला टबात घालून घेऊन गेला. "आयसीयू डिपॉझिट, परत मिळेल," म्हणून 9,000. ऑक्सिजनचे 4,200. पावती नाही. पत्ता मागितला की, "इन्फेक्शन होतं, भेटायला येता येणार नाही." फारच लावून धरल्यावर एक फोटो आला. त्यातल्या कासवाच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक. स्लायडरमध्ये अशी नखं नराची असतात. ठमी मादी आहे. एवढं विचारलं आणि नंबर बंद झाला.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात, एवढं एक वाक्य तिथे कोणाच्या तोंडून निघालं नाही. तुम्ही मात्र आधी तो फोन करा, बँक नंतर.

चौकीत तर कहर. पहिला प्रश्न, "कासव पाळणं गुन्हा आहे, माहितीये ना? तुमच्यावरच केस होईल." अहो, स्टार कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मला माहीत आहे. ठमीची जात मूळची अमेरिकेतली, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात राजरोस विकली जाते. मग, "एका कासवासाठी वीस हजार?" आणि शेजारच्या टेबलावर हशा. मग हद्द आमची नाही, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, चौकीतच द्या. फ्लॅटच्या नावानं लुटलं तर फसवणूक, आणि कासवाच्या नावानं लुटलं तर गंमत? भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 मध्ये असा फरक कुठे लिहिलाय, ते मला दाखवा. शेवटी गुन्हा नोंदवलाच नाही, नुसता अर्ज ठेवून घेतला.

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकाची परिषदेत नोंदणी लागते, खरा डॉक्टर तो सांगायला कचरत नाही. प्राणी घराबाहेर द्यायचाच असेल तर स्वतः क्लिनिकपर्यंत जा. पाण्यात टाकायचे थेंब विकणाऱ्यांनाही दारात उभं करू नका, न्यूमोनिया त्यानं बरा होत नाही. डॉक्टर मिळेपर्यंत पाणी उथळ ठेवा, ऊब द्या.

वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली आहे, पोच घेतली आहे. ठमीच्या कवचाच्या मागच्या कडेला उजवीकडे एक टवका उडालेला आहे. अशी मादी पुण्यात कोणी विकायला काढलेली दिसली तर विकणाऱ्याचा फोटो काढा, नंबर टिपून ठेवा आणि मला कळवा.