काचेच्या गोळ्यातलं ‘बिनपाण्याचं झाड’

बेळगावात फुलांचं प्रदर्शन लागलं, की एखाद्या टेबलावर ही जोडी दिसतेच: निळ्याशार फुलांचं ऑर्किड आणि शेजारी काचेच्या गोळ्यात चिकटवलेली गुलाबी-जांभळी एअर प्लांट. ‘पाणी नको, माती नको, नुसती हवा पुरे’ असं सांगून दोन्ही गळ्यात मारतात. प्रदर्शन उठलं, की टेबलवाला कोल्हापूरला गेला की हुबळीला, कुणाला ठाऊक. हातात उरते बिनपत्त्याची चिठ्ठी.

हा धंदा चालतो तो झाडाच्या एका गुणामुळे. एअर प्लांट, म्हणजे टिलँडसिया, मेल्यावरही कितीतरी दिवस जसंच्या तसं दिसतं. पान मुळातच कोरडं, रुपेरी. वाळल्याचं कळत नाही. कळतं तोवर घेणारा स्वतःलाच बोल लावतो, ‘आपल्या हाताला गुणच नाही.’ तक्रार होतच नाही.

म्हणून तपासायचं ते टेबलापाशीच. बुंधा चिमटीत धरा. घट्ट हवा, मऊ किंवा काळपट असेल तर आत कूज आहे. मधलं पान हलकेच ओढा, सुटून हातात आलं तर झाड गेलेलं. मग ओला पांढरा रुमाल पानावरून फिरवा. रुमालाला रंग लागला तर प्रश्नच मिटला, पण पक्का रंग उतरत नाही, तेव्हा नजरेनंही बघा. आयोनान्था जातीची आतली पानं फुलायच्या वेळी लाल होतात आणि मधून जांभळं फूल निघतं. बुडापासून शेंड्यापर्यंत एकसारखं गुलाबी किंवा निळं झाड म्हणजे सरळ स्प्रे. पानावरची रुपेरी लव हेच या झाडाचं पाणी पिण्याचं तोंड. रंगानं ते बुजतं आणि झाड तहानेनं मरतं.

ग्लू गननं चिकटवलेलं किंवा तांब्याच्या तारेनं बांधलेलं झाडही नको. गरम गोंदानं बुंधा भाजतो, वर तिथं पाणी साचतं. तांबं तर या कुळाला विषच. ऑर्किडवर कुजीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक मारताना खाली टांगलेली एअर प्लांट आधी उचलावीत, ती याचसाठी.

निळ्या ऑर्किडची, म्हणजे फॅलेनॉप्सिसची, गोष्ट सोपी. दांड्यात शाई टोचलेली असते. दांडा खालून बघितला तर मेण किंवा चिकटपट्टी लावलेलं भोक सापडतं. पुढचा बहर पांढरा. काही कुंड्यांत तर डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडची तोडलेली फुलकाडी नुसती कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचलेली असते. जरा ओढून बघा, मुळं असतील तर धरून राहील. आणि पाकिटातलं ‘ऑर्किडचं बी’ कधीच घेऊ नका. खरं बी धुळीसारखं बारीक, ते घरच्या कुंडीत रुजत नाही.

‘जांबोटीच्या रानातलं एअर प्लांट’ म्हणून कुणी काही दाखवलं, तर ते खोटं. टिलँडसिया अमेरिका खंडातलं, आपल्या घाटात उगवत नाही. सालीसकट उपटलेला गड्डा असेल तर तो सीतेची वेणी किंवा तत्सम रानऑर्किडचा. भीमगड अभयारण्यातून असं काही उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय फांदीवरून ओरबाडलेली मुळं घरी सहसा धरत नाहीत.

ऑनलाइन घेताना क्यूआर कोडवर आगाऊ पैसे मागितले तर थांबा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. दुकानदारानं खराब माल दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पक्कं बिल मात्र हवं.

आधीच घेतलं असेल तर गोळ्यातून झाड काढा, तार कापा, गोंद ओढून न काढता कडेकडेनं कातरा. सकाळच्या वेळी, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं बुडवा (बोअरच्या जड पाण्यानं पानावर पांढरा थर बसतो), उलटं धरून झटका आणि चार तासांत वाळेल अशा वाऱ्यावर टांगा. मार्च ते मे आठवड्यातून दोनदा. जूनपासून वळचणीखाली, कारण खानापूर भागात तर सलग झड लागली की वाळायला उसंतच मिळत नाही. ऑर्किड कुंडीतून उपसा; मुळांच्या मधोमध ओल्या शेवाळाचा गोळा, कधी जाळीच्या वाटीसकट, तसाच ठेवलेला असतो. पावसाळ्यात कूज तिथूनच सुरू होते. तो काढा, पोकळ मुळं कापा, सालीच्या तुकड्यांत लावा आणि मुळं रुपेरी दिसली की मगच पाणी द्या. एअर प्लांट त्याच्या खाली टांगू नका, ऑर्किडला घातलेलं पाणी उडत नाही अशा बाजूला टांगा.