दोन डब्यांची चूल: आठ महिन्यांनंतर, बूड गळाल्यावर

जूनच्या दुसऱ्या रविवारी राजहंसगडाच्या पायथ्याशी, येळ्ळूरच्या मित्राच्या बांधावर पिठले रटरटत असतानाच, दोन रिकाम्या डब्यांपासून आठ महिन्यांपूर्वी केलेल्या माझ्या भटकंतीतल्या काटक्यांच्या चुलीचे बूड गळाले आणि निखारे चिखलात पडले. पिठले वाचले. आत दूध पावडरचा डबा, बाहेर तुपाचा, खाली हवेची भोके आणि आतल्या डब्याच्या काठाखाली भोकांची दुसरी ओळ, अशी तिची रचना. अशा डब्यांच्या लोखंडी पत्र्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो व कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचे संरक्षण पहिल्या जाळातच संपते. पुढे राख न झटकता चूल पिशवीत कोंबण्याची माझी सवय आणि राखेने धरलेली ओल यांनी गंजाचे काम सोपे केले.

तथापि माझी खरी तक्रार बुडाची नसून भांडे आणि चुलीचा काठ यांमधल्या फटीची आहे. सुरुवातीला मी टोप थेट काठावरच ठेवीत असे. धुराची वाट बंद होऊन तो जळण सारण्याच्या तोंडातून माझ्या डोळ्यांत येई आणि मी दोष देई जळणाला. अकेशियाच्या काटक्या सोडून काजूच्या घेतल्या, फुंकणी बाळगली. दोन महिने असेच गेले. एकदा जांबोटीकडे जाताना वैतागून काठावर तीन खडे ठेवले, तर जाळ एकदम मोकळा झाला. फट बोटभर हवी. दोन बोटे ठेवली तेव्हा कलानंदीगडावरच्या वाऱ्याने जाळ बाजूला नेला आणि दोघांपुरता भात शिजायला चाळीस मिनिटे लागली. खड्यांच्या जागी तीन बोल्ट बसवून देण्याचे फॅब्रिकेशनवाल्याने एकशे वीस रुपये सांगितले. डबे फुकटचे असताना बोल्टांना एवढे पैसे मोजणे मला पटले नाही; जुन्या सायकलच्या मडगार्डाचे बोल्ट काढून मीच बसवले.

वरची भोके केवळ शोभेची आहेत, असे मी मित्रांना ठामपणे सांगत आलो होतो. ते मत आता मागे घेतो. फट जमल्यावर त्या भोकांपाशी छोट्या ज्वाळा दिसू लागल्या: दोन पत्र्यांमधून तापून वर आलेली हवा उरलेला धूरच जाळत होती. पाऊस सुरू झाल्यावर मात्र ओल्या काटक्यांची उष्णता त्यांतले पाणी आटवण्यातच जाते, म्हणून घरूनच मूठभर पिंजर (भाताचा पेंढा) आणि कोरड्या ढलप्या न्याव्यात. भीमगड अभयारण्याच्या बाजूला गेलो तर चूल पिशवीबाहेर काढत नाही. तिथे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरते.

नव्या चुलीचे डबे मिळाले आहेत. बुडात घरातली एक जुनी स्टीलची ताटली बसवणार आहे, जिची चौकशी अद्याप झालेली नाही. बोल्ट तेच आहेत.